आयपीटीजी (प्रेरक रेणू) घातलं तरी लॅकआय (लॅक रिप्रेसर प्रथिन) डीएनए पूर्ण सोडत नाही. आकार नक्की कुठे बदलतो?

अर्धवट_जेल

लॅक रिप्रेसरवर, म्हणजे डीएनएवर बसून लॅक जनुकं बंद ठेवणाऱ्या प्रथिनावर, जेल शिफ्ट चालू आहे (प्रथिनाने धरलेला डीएनए जेलमध्ये हळू पळतो, वर राहतो). प्रथिन पूर्ण लांबीचं, साखळीमागे ३६० अमिनो आम्लांचं, म्हणजे टेट्रामर (चार सारख्या साखळ्या, दोन डायमर). डीएनए ४० बेस-पेअरचा, मधोमध ओ१ ऑपरेटर (रिप्रेसर बसायची मुख्य जागा), एका टोकाला फ्लुरोसीन (चमकणारा रंग).

मिश्रण असं: डीएनए १ नॅनोमोलर, टेट्रामर २० नॅनोमोलर. बफरमध्ये १० मिलिमोलर ट्रिस (पीएच ७.४), १५० मिलिमोलर पोटॅशियम क्लोराइड, ०.१ मिलिमोलर ईडीटीए, ०.३ मिलिमोलर डीटीटी, ५ टक्के ग्लिसरॉल. खोलीच्या तापमानाला २० मिनिटं ठेवून ६ टक्क्यांच्या नेटिव्ह जेलवर, ०.५ पट टीबीईमध्ये, ४ अंशांना पळवतो.

आयपीटीजी नसताना सगळा डीएनए वर सरकतो. १ मिलिमोलर आयपीटीजी घातल्यावर जेमतेम पाव हिस्सा मोकळा होतो. १० मिलिमोलर घातलं तरी तेवढाच. आणि १० मिलिमोलर लॅक्टोजने तर काहीच फरक पडत नाही. पुस्तकात 'प्रेरक रेणू आला की रिप्रेसर सुटतो' इतकं सरळ लिहिलेलं असतं. माझं प्रथिन खराब आहे का?

दुसरी शंका रचनेची. प्रथिनरचनांच्या संग्रहातल्या १एलबीआय (मोकळं प्रथिन) आणि १एलबीएच (आयपीटीजीसह) या दोन रचना एकमेकींवर ठेवून पाहिल्या. जवळपास तंतोतंत बसतात. मग २३८ डाल्टनचा हा रेणू दीड लाख डाल्टनच्या प्रथिनात बदलतो तरी काय?

---

समतोल

प्रथिन बहुधा ठणठणीत आहे. तुमच्या मात्रांना पाव हिस्साच सुटायला हवा. हिशेब करून बघा.

लॅकआयच्या प्रत्येक डायमरच्या दोन अवस्था धरा. एक डीएनए घट्ट धरणारी, एक न धरणारी. आयपीटीजी दोन्हींत बसतं, फक्त न धरणारीत कितीतरी जास्त घट्ट. जिवंत ई. कोलाय पेशींतल्या मोजमापांवर बसवलेले आकडे असे: धरणाऱ्या अवस्थेसाठी केडी (निम्म्या जागा भरायला लागणारी मात्रा; कमी म्हणजे पकड घट्ट) सुमारे १३९ मायक्रोमोलर, न धरणाऱ्यासाठी सुमारे ०.५३ मायक्रोमोलर, आणि आयपीटीजी नसताना दोन अवस्थांमधलं ऊर्जेचं अंतर ४.५ केटी (केटी हे उष्णतेच्या ऊर्जेचं माप). म्हणजे रिकाम्या प्रथिनात न धरणारे डायमर ई वजा ४.५ घात, साधारण ०.०११ पट.

डायमरला आयपीटीजीच्या जागा दोन, म्हणून प्रत्येक अवस्थेचं वजन वर्गात जातं. १ मिलिमोलरला:

धरणारी: (१ + १०००/१३९) चा वर्ग, सुमारे ६७.
न धरणारी: ०.०११ × (१ + १०००/०.५३) चा वर्ग, सुमारे ३९,६००.

म्हणजे धरणाऱ्या अवस्थेत उरलं ०.१७ टक्के. रिकामं असताना ते ९८.९ टक्के होतं. घट जवळजवळ ५८० पट. आयपीटीजी अनंत केलं तरी हा आकडा ०.१३ टक्क्यांच्या खाली जात नाही, कारण तो शेवटी दोन केडींच्या गुणोत्तरावर अडतो. १० मिलिमोलरला काही फरक का पडला नाही ते इथे कळतं.

आता पकड. १५० मिलिमोलर पोटॅशियम क्लोराइडमध्ये ओ१ची केडी १० पिकोमोलरच्या आसपास असते. ५८० पट सैल झाली तरी ती ५.८ नॅनोमोलर. तुमच्याकडे टेट्रामर २० नॅनोमोलर. बांधलेला हिस्सा २० भागिले २५.८, म्हणजे ७७ टक्के. मोकळा २३ टक्के. जेलने खरं तेच दाखवलं.

थोडक्यात, आयपीटीजी कात्री लावत नाही, तराजूचं पारडं झुकवतं. दुसऱ्या पारड्यात तुम्ही प्रथिनाचा ढीग ओतून ठेवलाय. साध्या ई. कोलाय पेशीत टेट्रामर असतात दहाच्या आसपास, आणि एक रेणू एका पेशीत म्हणजे ढोबळपणे १ नॅनोमोलर. शिवाय तिथल्या रिप्रेसरला उरलेला सगळा गुणसूत्रीय डीएनए ओढत असतो, आणि त्या अविशिष्ट पकडीवर आयपीटीजीचा जवळपास परिणाम होत नाही. त्यामुळे पेशीत 'सुटतो' हे वर्णन चालून जातं. तुमच्या नळीत तो दुसरा ओढणारा हजरच नाही.

लॅक्टोजचं उत्तर सोपं आहे. खरा प्रेरक अ‍ॅलोलॅक्टोज. तो पेशीत बीटा-गॅलॅक्टोसिडेज हे एन्झाइम लॅक्टोजपासून बनवतं. शुद्ध प्रथिनाच्या नळीत ते एन्झाइम नाही, म्हणून प्रेरकही नाही.

---

घडीमोड

रचनेच्या प्रश्नाबद्दल: तुम्ही चुकीची जोडी लावलीत. मोकळ्या लॅकआयचा गाभा आणि आयपीटीजीवाला गाभा स्फटिकात जवळजवळ सारखेच दिसतात. आयपीटीजीवाल्या रचनेची तुलना डीएनए धरलेल्या रचनेशी करा. १ईएफए घ्या: डायमर, सममित ऑपरेटर (दोन्ही अर्धे सारखे) आणि ओएनपीएफ (आयपीटीजीच्या जागी बसणारा, पण उलटं काम करणारा रेणू). रेझोल्यूशन २.६ आंग्स्ट्रॉम. १एलबीजीमध्येही डीएनए आहे, पण ती ४.८ आंग्स्ट्रॉमची, बाजूच्या साखळ्या त्यात शोधू नका.

शिवाय १एलबीआय आणि १एलबीएचमध्ये पहिली साठेक अमिनो आम्लं दिसतच नाहीत. डीएनए धरणारं डोकं आणि त्यामागची बिजागरी हाच भाग तो. डीएनए नसेल तर डोकी हलती राहतात, इलेक्ट्रॉन घनता मिळत नाही. जो भाग बदलतो तोच फाइलमधून गायब आहे आणि तुम्ही उरलेला भाग जुळवताय.

जुळवण्याची पद्धतही बदला. अख्खा डायमर एकदम बसवू नका, त्यात फरक सगळीकडे थोडाथोडा पसरतो आणि आरएमएसडी (जुळवलेल्या अणूंमधलं सरासरी अंतर) फसवा छोटा येतो. गाभ्याचे दोन उपभाग आहेत, डोक्याकडचा आणि टोकाकडचा, आणि आयपीटीजी त्यांच्या फटीत बसतं. दोन्ही मोनोमरचे टोकाकडचे उपभाग तेवढे एकमेकांवर बसवा आणि मग डोक्याकडचे उपभाग बघा. ते काही अंशांनी फिरलेले आणि डायमरच्या सांध्यावर एकमेकांच्या संदर्भात सरकलेले दिसतील. सरक लहानच आहे, पण ती बिजागरीच्या मुळाशी आहे.

बिजागरी, म्हणजे अमिनो आम्लं ५० ते ५८, डीएनएवर बसल्यावरच हेलिक्स होते. दोन मोनोमरच्या दोन हेलिक्स ऑपरेटरच्या मध्यावर शेजारी शेजारी येतात, ल्युसीन ५६ लहान खाचेत पाचरीसारखं घुसतं आणि डीएनए सुमारे ४० अंश वाकतो. आयपीटीजीमुळे दोन्ही डोक्याकडचे उपभाग सरकले की या दोन हेलिक्सना एकमेकींना टेकता येत नाही. त्या विरघळतात, डोकी दोरीला बांधल्यासारखी सुटी होतात. डोकं स्वतः मोडत नाही. म्हणूनच अविशिष्ट डीएनएवरची पकड तशीच राहते, तिथे बिजागरीची हेलिक्स तशीही बनत नाही.

रेणू कसा ठरवतो हे ओएनपीएफकडे पाहिल्यावर नीट कळतं. तो त्याच फटीत बसतो, पण प्रेरक नाही, उलटा आहे. पकड घट्ट करतो. त्यातली साखर फ्युकोज, म्हणजे सहाव्या कार्बनवर हायड्रॉक्सिल नसलेलं गॅलॅक्टोज. आयपीटीजीत तो हायड्रॉक्सिल आहे, आणि पाण्याच्या रेणूंमार्फत तो दोन्ही उपभागांना हायड्रोजन बंधांच्या जाळ्यात बांधून ठेवतो. एक ऑक्सिजन काढला की चिन्ह उलटं.

---

नवखा_२

म्हणजे आयपीटीजी आणि डीएनए एकाच जागेसाठी भांडत नाहीत? मला वाटत होतं ते डीएनएची जागा अडवतं.

---

घडीमोड

नाही. आयपीटीजीची फट डीएनएपासून सुमारे ४० आंग्स्ट्रॉम लांब आहे. दोन्ही एकाच वेळी बसू शकतात, आणि बसतातही. अर्धवट_जेल यांच्या वरच्या बँडमध्ये तेच आहे. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला मोनो आणि जाकोब या शास्त्रज्ञांनी 'अ‍ॅलोस्टेरिक' शब्द आणला तो अशाच लांबून चालणाऱ्या परिणामासाठी.

---

जुनी_पिपेट

समतोल यांचं गणित मान्य. पण २३ टक्के आणि 'जेमतेम पाव' हे जुळलं म्हणून जेल बरोबर आहे असं मी लगेच म्हणणार नाही. या पद्धतीत दोन चुका एकमेकींना खाऊ शकतात.

पहिली चूक जेलमध्ये आयपीटीजी नसण्याची. आयपीटीजीवर विद्युतभार नाही. करंट चालू केला की डीएनए-प्रथिन जेलमध्ये शिरतं आणि आयपीटीजी विहिरीतच मागे राहतं. बसलेलं आयपीटीजी पटकन सुटतं, रिप्रेसर पुन्हा पकडीच्या आकारात येतो, आणि बँड वेगळे व्हायच्या आत शेजारचा मोकळा डीएनए परत पकडतो. शिवाय टीबीईमध्ये क्षार फारच कमी, म्हणजे पकड आणखी घट्ट. उपाय: आयपीटीजी जेल ओततानाच मिश्रणात घाला आणि टाकीच्या बफरातही तेवढंच ठेवा, दोन्हीकडे १ मिलिमोलर. आयपीटीजी नसलेलं जेल वेगळं चालवा, एकाच जेलवर दोन्ही होणार नाही. सीआरपी या डीएनए धरणाऱ्या दुसऱ्या प्रथिनावर काम करणारे जेलमध्ये आणि बफरात त्याचा रेणू सीएएमपी घालतात ते याच कारणाने.

दुसरी चूक वेळेची. ओ१वरून लॅकआय सुटण्याचा अर्धकाळ आयपीटीजीशिवाय २० मिनिटांच्या घरात असतो. २० नॅनोमोलरला बांधणी झटपट होते म्हणून तुम्हाला जाणवलं नाही. मात्रा कमी केलीत की २० मिनिटं पुरणार नाहीत, दीड ते दोन तास ठेवा. खात्रीसाठी एक नळी ४५ मिनिटांनी आणि एक ३ तासांनी भरा. आकडे सारखे आले तरच समतोल साधला म्हणायचं.

नियंत्रण म्हणून तेवढ्याच लांबीचा, पण ऑपरेटर विस्कटलेला डीएनए चालवा. तिथेही आयपीटीजीसकट बँड वर जात असेल तर ती अविशिष्ट पकड. स्पर्धक डीएनए घालायचा तर वासराच्या थायमसचा किंवा सामनच्या शुक्राणूंचा, ५ ते १० मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर. पॉली-डीएटी टाळा, लॅकआय त्याला बऱ्यापैकी चिकटतं.

आणखी एक. ऑर्डर दिलेला ऑपरेटर खरंच ओ१ आहे ना ते तपासा. बऱ्याच संग्रहांत 'लॅक ऑपरेटर' म्हणून सममित ऑपरेटर फिरतो. ओ१चा डावा अर्धा भाग उलटा करून जोडलेला, मधला एक बेस-पेअर गाळलेला. त्याची पकड ओ१च्या पाचेक पट तरी घट्ट. त्यावर आयपीटीजी आणखीच दुबळं दिसेल.

---

अर्धवट_जेल

ओ१च आहे, तपासलं. मग आता प्रथिन ०.२ नॅनोमोलरवर आणू का? फ्लुरोसीनवर इतका कमी डीएनए दिसेल असं वाटत नाही.

---

समतोल

दिसणार नाही, बरोबर. ०.२ नॅनोमोलर प्रथिनाला गणित छान बसतं: आयपीटीजीशिवाय ९५ टक्के बांधलेलं, आयपीटीजीसह ३ टक्के. पण डीएनए प्रथिनाच्या दहाव्या हिश्शाहून जास्त नको, म्हणजे ०.०२ नॅनोमोलर. त्याला फॉस्फरस-३२ लागतो, मग नायट्रोसेल्युलोज फिल्टरने मोजलेलं बरं, जेलची कटकटच जाते.

किरणोत्सर्ग टाळायचा असेल तर डीएनए बदला. ओ३ घ्या, लॅकचाच दुबळा ऑपरेटर. ओ३ची पकड ओ१च्या साधारण २५०-३०० पट सैल, म्हणजे केडी ३ नॅनोमोलरच्या आसपास धरा. आता तुमचेच जुने आकडे, १ नॅनोमोलर डीएनए आणि २० नॅनोमोलर प्रथिन: आयपीटीजीशिवाय २० भागिले २३, ८७ टक्के बांधलेलं. आयपीटीजीसह केडी १.७ मायक्रोमोलर होते, बांधलेलं १ टक्का. पुस्तकात असतं तसं चित्र.

फक्त ओ३साठी जेल वापरू नका. संकुल इतक्या लवकर सुटतं की जेलमध्ये पट्ट्याऐवजी नुसती फरफट दिसेल. फ्लुरोसीन आहेच, अ‍ॅनायसोट्रॉपी मोजा (प्रथिन बसलं की डीएनए हळू फिरतो आणि ती वाढते). ४९० नॅनोमीटरला उद्दीपन, ५२० ला उत्सर्जन. १ नॅनोमोलर पातळीवर प्रथिन प्लास्टिकला चिकटून हरवतं, म्हणून १०० मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर बीएसए किंवा ०.०१ टक्के ट्वीन-२० घाला, नळ्या कमी चिकटणाऱ्या घ्या. आयपीटीजी नेहमी त्याच बफरात विरघळवा, नाहीतर ते घालताना क्षार पातळ होतात, पकड घट्ट होते आणि आयपीटीजीचा परिणाम कमी भासतो. क्षाराचा परिणाम इथे फार तीव्र आहे, १५० चे १३० मिलिमोलर झाले तरी वक्र सरकलेला दिसेल.

---

क्वार्ट्झ_क्युवेट

या सगळ्याच्या आधी प्रथिनाचा किती हिस्सा जिवंत आहे ते मोजा, नाहीतर २० नॅनोमोलर हा आकडाच हवेत आहे.

कृती: डीएनए केडीच्या कितीतरी पट ठेवा, ओ१च घ्या, ५० नॅनोमोलर. यातला १ नॅनोमोलर फ्लुरोसीनचा, बाकी साधा. प्रथिन ५-५ नॅनोमोलरने वाढवत अ‍ॅनायसोट्रॉपी बघा. रेषा सरळ चढेल आणि एका ठिकाणी मोडून आडवी होईल. टेट्रामर म्हणजे डायमरची जोडी, प्रत्येक डायमर एक ऑपरेटर धरतो. म्हणून मोड २५ नॅनोमोलर टेट्रामरला यायला हवा. ५० ला आला तर अर्धं प्रथिन निकामी आहे, किंवा तुम्ही डायमर-टेट्रामरच्या हिशेबात घोळ घातलाय. दुसरं जास्त वेळा होतं.

२८० नॅनोमीटरवरून संहती काढताना २६०/२८० गुणोत्तर बघा. ०.६५ च्या वर असेल तर प्रथिनासोबत न्यूक्लिइक आम्ल आलंय. लॅकआय त्याचा लोभी आहे. स्तंभावर असताना १ मोलर सोडियम क्लोराइडने धुवा.

आणि प्रथिन बनवताना पेशींना आयपीटीजीच दिलं होतं ना? मग ते सोबत येतं. दिलासा इतकाच की मायक्रोमोलर पकड असल्याने डायलिसिसने निघतं. १ मिलिमोलर गृहीत धरलं तर १:१०० च्या दोन फेऱ्यांनंतर ०.१ मायक्रोमोलर उरतं, तिसरी फेरी करून टाका.

आकार बदलताना बघायचा असेल तर जेल आणि अ‍ॅनायसोट्रॉपी दोन्ही परिणाम दाखवतात, आकार नाही. लॅकआयमध्ये सोय आहे: प्रत्येक मोनोमरमध्ये दोन ट्रिप्टोफॅन, २०१ आणि २२०. २२० आयपीटीजीच्या फटीजवळ आहे. आयपीटीजी बसलं की उत्सर्जन निळ्या बाजूला सरकतं. मोनोमर ०.१ ते ०.१५ मायक्रोमोलर, उद्दीपन २८५ ते २९५, आयपीटीजी ०.०५ मायक्रोमोलरपासून १ मिलिमोलरपर्यंत. पीएच ७.४ ला केडी १-२ मायक्रोमोलर मिळायला हवी. दहापट जास्त आली तर आधी पीएच तपासा. पीएच ९ च्या वर ही पकड चांगलीच ढिली होते आणि वक्राला सहकारी वळण येतं.

थर्मल शिफ्टबद्दल (प्रथिन किती अंशांना उलगडतं ते रंगाने मोजणं) इशारा. सायप्रो ऑरेंज ५ पट, प्रथिन २ ते ५ मायक्रोमोलर, मिनिटाला १ अंश, सगळं सोपं आणि स्वस्त. पण वितळबिंदू वर गेला याचा अर्थ रेणू बसला, एवढाच. आकार बदलला असा नाही. ओएनपीएफही बसतो आणि प्रथिनाला स्थिर करतो, आणि काम उलटं करतो. प्रेरक शोधणाऱ्या चाळण्यांत फक्त वितळबिंदू बघून यादी केली की त्यात निम्मे उलटे किंवा निष्क्रिय निघाले तर नवल नको.

आयटीसी (बांधणीची उष्णता मोजणं) करणार असाल तर मोनोमर ३० मायक्रोमोलर, सिरिंजमध्ये आयपीटीजी ३०० ते ४०० मायक्रोमोलर, डीटीटीऐवजी ०.५ मिलिमोलर टीसीईपी. डीटीटी हवेने ऑक्सिडाइझ होत राहतं आणि आधाररेषा वाहत जाते.

---

लघुगणक

समतोल यांच्या एका गोष्टीला हरकत. ४.५ केटी हा आकडा नळीत तसाच वापरू नका. त्यानुसार रिकामं प्रथिन ९९ टक्के 'धरणारं' आहे. तसं असतं तर मोकळ्या प्रथिनाचा आयपीटीजी-वक्र एस आकाराचा यायला हवा होता, कारण आधी पहिल्या आयपीटीजीने पारडं हलवायचं आणि मग दुसऱ्याने सहज बसायचं. प्रत्यक्षात पीएच ७.४ ला डीएनएशिवाय वक्र साधा हायपरबोला येतो. ऑपरेटर घातल्यावर तो सहकारी होतो. म्हणजे मोकळ्या लॅकआयमध्ये दोन्ही अवस्था बऱ्याच जवळ असाव्यात आणि डीएनएच पारडं एका बाजूला ओढत असावा. मोकळी रचना आयपीटीजीवाल्यासारखी दिसते हेही त्याला धरूनच आहे.

---

समतोल

रास्त. जिवंत पेशीतल्या मोजमापात डीएनएची पकड आणि हे अंतर एकमेकांत मिसळतात, एक बदललं की दुसरं भरून काढतं. नळीत अंतर कमी धरलं तर 'मूळ' केडी आणखी घट्ट निघते, आयपीटीजीशिवायची मोजलेली केडी मात्र तीच. एकूण सैलावण्याचा पट कमीजास्त होईल, हजाराच्या आसपासचा क्रम तोच. मोकळ्या प्रथिनाच्या वक्रासाठी मात्र माझे आकडे वापरू नका.

---

अर्धवट_जेल

ओ३ आणि अ‍ॅनायसोट्रॉपी करतो, जेलमध्येही आयपीटीजी घालून बघतो. जाता जाता: याच पद्धतीने टेटआर (टेट्रासायक्लिन आलं की डीएनए सोडणारा रिप्रेसर) आणि टेट्रासायक्लिन करायचं आहे. तिथेही हीच बिजागरी का?

---

घडीमोड

नाही, तिथे लंबक आहे. टेटआर डायमर. प्रत्येक मोनोमरचं डीएनएकडचं डोकं चौथ्या हेलिक्सने गाभ्याला जोडलेलं. टेट्रासायक्लिन-मॅग्नेशियम गाभ्यात शिरलं की हिस्टिडीन १०० मॅग्नेशियमला धरतं, सहाव्या हेलिक्सचं टोक उलगडून सरकतं आणि चौथ्या हेलिक्सला ढकलतं. ती लंबकासारखी झुलते, दोन्ही डोकी काही आंग्स्ट्रॉमने फाकतात. दोन मोठ्या खाचांमधलं अंतर ठरलेलं असल्याने तेवढं फाकणं पुरतं. लॅकआयमध्ये डोकी सैल होतात, इथे ती ताठ राहून चुकीच्या अंतरावर जातात.

पण प्रत्येक प्रथिनात असं यंत्र शोधत बसू नका. सीआरपीमध्ये सीएएमपी बसल्यावर मधली लांब हेलिक्स आणखी वेटोळे घेते आणि डीएनएकडची डोकी सुमारे ६० अंश फिरून ७ आंग्स्ट्रॉम सरकतात. हा सगळ्यात नाट्यमय बदल, २००९ मध्ये एनएमआरने दाखवलेला. दुसऱ्या टोकाला मेटजे हा रिप्रेसर: त्यात एस-अ‍ॅडिनोसिलमेथिओनीन बसल्यावर आकार जवळपास बदलतच नाही. डीएनएच्या उलट बाजूला बसलेल्या त्या रेणूच्या गंधकावरचा धनभार लांबून डीएनएला ओढतो. धनभार नसलेला एस-अ‍ॅडिनोसिलहोमोसिस्टीन दिला की काम होत नाही. आणि प्युरआर तर लॅकआयच्याच घराण्यातलं, घडी तीच, फटही तीच, पण हायपोझँथीन किंवा ग्वानीन बसल्यावर ते डीएनए सोडत नाही, उलट धरतं. टेटआरमध्येही मोजकी अमिनो आम्लं बदलून असे उलटे प्रकार बनवलेत, ज्यांना डीएनए धरायलाच टेट्रासायक्लिन लागतं. फटीकडे बघून दिशा सांगता येत नाही.

---

जुनी_पिपेट

टेटआरसाठी तुमचं आत्ताचं बफर चालणार नाही. टेट्रासायक्लिनला मॅग्नेशियम हवंच आणि तुमच्याकडे ईडीटीए आहे. मिश्रणात ५ मिलिमोलर मॅग्नेशियम क्लोराइड घाला, ईडीटीए काढा. जेलही विसरू नका: ०.५ पट टीबीईमध्ये १ मिलिमोलर ईडीटीए असतं, ते पळताना मॅग्नेशियम ओरबाडून घेतं आणि टेटआर परत डीएनएवर बसतं. ट्रिस-बोरेट तेवढंच ठेवा, ईडीटीएशिवाय, आणि १ ते २ मिलिमोलर मॅग्नेशियम घाला. करंट वाढेल, जेल तापेल, व्होल्टेज कमी करा.

अ‍ॅनहायड्रोटेट्रासायक्लिन वापरणार असाल तर ते टेट्रासायक्लिनच्या सुमारे ३५ पट घट्ट बसतं. साठा इथेनॉलमध्ये, उजेडापासून झाकून, उणे २० ला. मिश्रणात शेवटी इथेनॉल १ टक्क्याच्या आत आणि नियंत्रणाच्या नळीतही तेवढंच. त्याची केडी नॅनोमोलर मात्रांवर मोजायला जाऊ नका: २० नॅनोमोलर डायमरला रेषा सरळ खाली येईल आणि ४० नॅनोमोलरला मोडेल, कारण जागा डायमरमागे दोन. तो मोड म्हणजे जागांची मोजणी, केडी नव्हे. आणि एकदा बसलेलं अ‍ॅनहायड्रोटेट्रासायक्लिन डायलिसिसने निघेल ही आशा सोडा. टेटआर बनवताना पेशींना ते देऊच नका, दुसऱ्या प्रमोटरवरून बनवा.